कौशल्याकाकूंचा आख्खा मसूर

मुखर्जीनगरच्या मागच्या गल्लीत, फोटोकॉपीच्या दुकानांच्या रांगेपलीकडे, एका पांढऱ्या तीनमजली घराच्या तळमजल्यावर कौशल्याकाकू दळवींची मेस होती. बाहेर पाटी नव्हती. महाराष्ट्रातून स्पर्धा परीक्षेसाठी आलेल्या पोरांना पाटी लागायचीही नाही. रविवारी अकराच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की सुकं खोबरं भाजल्याचा वास यायचा, आणि त्या वासामागून चालत गेलं की काकूंचं दार. करोनानंतर मी उदगीरहून दिल्लीला आले, तेव्हा मीही अशीच पोचले. काकूंनी दार उघडून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, जेवलीस का. नाव नंतर विचारलं.

त्या रविवारचं मटण मला अजून आठवतं. पातळ, लालभडक रस्सा, त्यात बोकडाच्या मांसाचे मोजके तुकडे आणि सोबत ज्वारीची भाकरी. दिल्लीत ज्वारीचं पीठ कुठून आणत होत्या हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. चार तासांचं क्लासचं लेक्चर चुकवणारी मुलं होती, पण काकूंचा रविवार चुकवणारं कोणी नव्हतं.

काकू मूळच्या साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या. वडिलांचा शेळ्या-मेंढ्यांचा कळप होता, आणि लग्न होईपर्यंत काकूंचं आयुष्य त्या कळपामागेच गेलं. शाळा नववीपर्यंत. तात्याराव केंद्र सरकारच्या एका खात्यात इलेक्ट्रिशियन होते, त्यांच्याशी लग्न झालं आणि काकू थेट सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये येऊन पडल्या. तीस वर्षं तिथे काढली. शेजारी बंगाली, समोर गढवाली, वर मल्याळी. त्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरांतून त्या काही ना काही शिकल्या. तात्या निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा मुलाने, अनुरागने, बंगळुरूला बोलावलं. काकूंनी महिनाभर राहून पाहिलं आणि परत आल्या. तिथे कोणी जेवायलाच नव्हतं, म्हणाल्या, दोघंही नवराबायको ऑफिसात जेवतात. मग तात्यांच्या ओळखीतला एक मुलगा परीक्षेच्या तयारीला दिल्लीत आला आणि खाण्याचे हाल होतात म्हणून रडला. काकूंनी त्याला वाढलं. तो आणखी दोघांना घेऊन आला. मी पोचले तेव्हा पस्तीस जण होते.

काकूंची एक सवय होती. कोणी मुलाखतीहून किंवा सराव मुलाखतीहून परत आलं की ताटावर बसल्या बसल्या त्या विचारायच्या, काय काय विचारलं? मग प्रत्येक प्रश्नाचं स्वतः उत्तर द्यायच्या. लोकसंख्या धोरण, नदीजोड, मृत्युदंड, कशावरही त्यांचं मत असायचं आणि ते बहुधा विचार करण्यासारखं असायचं. आमच्यातले काही जण त्यांची उत्तरं वहीत लिहून ठेवायचे.

फेब्रुवारीतली गोष्ट. प्रणिता मुख्य परीक्षा पास झाली होती. ही चिपळूणची मुलगी, भूगोलात हुशार, बोलण्यात चटपटीत. सराव मुलाखतीहून ती आली ती तोंड पाडूनच. जेवायला बसली, पण हात चालेना. काकूंनी नेहमीचा प्रश्न विचारला. प्रणिता म्हणाली, तिने हवामानबदलावर खूप छान उत्तर दिलं होतं. मिथेन, जंगलतोड, जागतिक करार, सगळं. तेव्हा पॅनेलवरच्या एका बाईंनी सहज विचारलं, तुम्ही काल दुपारी काय खाल्लंत? आदला दिवस रविवार होता.

"मग काय सांगितलंस?" काकूंनी विचारलं.

"खरं सांगितलं. मटण. आणि मग दहा मिनिटं त्यांनी मला त्या मटणावरूनच फिरवलं."

काकूंना ही गंमत वाटली, पण हसल्या नाहीत. मटणाचा आणि हवेचा काय संबंध, ते नीट सांग, म्हणाल्या. प्रणिताने सांगितलं. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात गवत कुजतं, त्याचा वायू ढेकरातून बाहेर येतो, आणि तो धुरातल्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतो. शिवाय एक किलो मटण उभं राहायला जेवढी जमीन आणि चारा लागतो, तेवढ्यात कितीतरी पट डाळ होते. कोंबडीचं ओझं त्यापेक्षा कमी, डाळी-शेंगांचं सगळ्यात कमी.

शेळी ढेकर देते हे काकूंना शिकवायची गरज नव्हती. त्या म्हणाल्या, माझ्या बापाच्या शेळ्या तर कुणाचं धान्य खात नव्हत्या. ज्या माळावर कुसळाशिवाय काही उगवत नाही तिथे चरायच्या. प्रणिताने मान्य केलं की तो हिशेब वेगळा आहे, माळावरच्या चार शेळ्या आणि शहरासाठी वाढवलेले लाखो बोकड यांना एका मापाने मोजता येत नाही. मग काकूंनी थोडा वेळ भाकरी थापली आणि पाठमोऱ्याच विचारलं, "आणि दूध?"

"दूधही. गाय-म्हैस रवंथच करते ना. आपल्या देशात तर मटणापेक्षा दुधाचाच वाटा मोठा असेल. आणि भातशेतीतूनही मिथेन येतो, काकू."

"मग खायचं काय? हवा?"

"ती दिल्लीत खाण्यासारखी नाही," कोपऱ्यातून मुनीर म्हणाला, आणि सगळे हसले. मुनीर अंबाजोगाईचा. बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान, घरात पहिला पदवीधर. मेसमध्ये काकूंशी सगळ्यात जास्त वाद घालणारा आणि त्यांची सिलिंडरं न सांगता बदलून देणारा.

तिथे तो विषय संपला असं आम्हाला वाटलं. काकूंच्या डोक्यात तो राहिला. त्यांचं म्हणणं, एखादी गोष्ट आपल्या हातून रोज पस्तीस ताटांत जात असेल तर ती येते कुठून हे बघायला हवं. बोकड कुठून येतो, कसा कापला जातो, हे त्या लहानपणापासून पाहत आल्या होत्या. दूध कुठून येतं ते मात्र दिल्लीत आल्यापासून त्यांनी पाहिलं नव्हतं. सकाळी कॅन येतो, एवढंच.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी त्या मला म्हणाल्या, चल. माझी त्या वर्षीची पूर्वपरीक्षा अजून लांब होती, आणि तात्यांचे गुडघे दुखत होते. आम्ही दूधवाल्याच्याच टेम्पोत, त्याच्या शेजारी बसून गेलो. शहराच्या टोकाला म्हशींची एक वस्ती आहे, तिथे त्याच्या भावाचा गोठा होता. दूधवाला खूश होता. त्याचा गोठा बघायला आजवर कोणी गिऱ्हाईक आलं नव्हतं.

लांबच लांब पत्र्याची शेड. दोन्ही बाजूंना म्हशी, एकमेकींना चिकटून, आखूड साखळीने बांधलेल्या. खाली सिमेंट, त्यावर शेण आणि मूत, आणि ते सगळं पाण्याच्या पाइपने गटारात लोटायचं, गटार पुढे नाल्यात. चरायला जाणं नाही, डुंबायला पाणी नाही. माणसं वाईट नव्हती. एक जण म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होता, तिच्याशी हरियाणवीत बोलत होता. काकूंनी एका म्हशीच्या कपाळावर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला.

मग शेडच्या मधोमध आम्हाला ते दिसलं. एका म्हशीच्या तोंडासमोर काठीला बांधलेलं रेडकाचं कातडं, आत पेंढा भरलेला. चार पाय नव्हते, डोळ्यांच्या जागी भोकं. म्हैस ते चाटत होती, आणि मागे तिची धार काढणं चाललं होतं.

हे गावाकडेही कधीतरी होत असे, हे काकूंना माहीत होतं. एखादं वासरू मेलं की, आईने पान्हा सोडावा म्हणून. इथे त्यांनी विचारलं, किती म्हशींसमोर असं ठेवता? दूधवाल्याने साधेपणाने सांगितलं की पारडी असेल तर वाढवतात, नर असेल तर त्याला कोण पाजणार, ते काही दिवसांत जातं. कुठे जातं, हे काकूंनी विचारलं नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला, तो वासामुळे नव्हता.

 मेसवर पोचल्यावर काकूंनी सगळ्यांसाठी चहा टाकला, गाळला, वाटला. स्वतःसाठी वेगळ्या पातेल्यात पाणी उकळलं, त्यात आलं आणि गूळ घातला आणि दूध न घालता प्यायल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तात्यांच्या लक्षात आलं. त्यांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना.

मला त्यांनी नंतर सांगितलं, डाळ निवडता निवडता, खाली बघत. "बापानं बोकड कापलेला मी बघितलाय, अक्षया. त्याचं जे काय व्हायचं ते एका दिवसात होतं. आणि त्याच्या आधी तो माळावर उड्या मारतो. हे रोज सकाळ-संध्याकाळ आहे, आणि ह्याला मी आयुष्यभर सोवळं समजत आले. सोमवारचा उपास दुधावर करायचे मी."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "आणि बोकडाचं तरी कुठं खरं आहे? गावात आम्ही वर्षातून तीन-चारदा मटण खायचो. जत्रा, लग्न, पाहुणा. मी इथं आठ वर्षं दर रविवारी केलं. चारशे रविवार झाले गं. माळावरचं कारण मी चारशे रविवारांना कसं लावू?"

दूध त्यांनी आधी सोडलं आणि मांस त्यानंतर. मला त्यांचा सगळ्यात जास्त आदर वाटला तो ह्या क्रमामुळे. आपल्याकडे लोक मांस सोडतात, दुधाला हात लावत नाहीत आणि स्वतःला निर्मळ समजतात. काकूंनी आधी स्वतःच्या उपासाकडे बोट दाखवलं.

पण स्वतः सोडणं सोपं होतं. पस्तीस ताटांचं काय करायचं, हा खरा प्रश्न. काकूंनी एका बुधवारी जेवणं झाल्यावर आम्हाला सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं. आता मटण महिन्याच्या शेवटच्या रविवारी. बाकी रविवारी दुसरं काही. पनीर बंद. दही ज्याला हवं त्याला वाटीभर मिळेल, उन्हाळा तोंडावर आहे. ज्याला डॉक्टरने अंडं सांगितलंय त्याला अंडं मिळेल, विचारायची लाज वाटू देऊ नका. बाहेर कोण काय खातं हे मी कधी विचारलं नाही, विचारणार नाही. "मी तुम्हाला शिकवत नाही. माझ्या हातून काय निघावं एवढंच ठरवते आहे," एवढं बोलून त्या भांडी घासायला वळल्या.

सहा जण महिन्याभरात दुसऱ्या मेसला गेले. मुनीर गेला नाही, पण भांडला. आठवडाभर अभ्यासात जीव जातो, रविवारचं ताट हेच एक घर होतं, ते तुम्ही काढून घेताय, असं तो म्हणाला. काकूंनी त्याचं ऐकून घेतलं.  रविवारी आख्खा मसूर केला.

कराड-सातारा भागात हा मसूर ढाब्यांवर करतात. काकूंनी त्यात मटणाचा सगळा जामानिमा घातला. तेच भाजलेलं खोबरं, तोच कांदा-लसूण मसाला, तीच खसखस, तोच वर तरंगणारा तवंग. मसूर रात्रभर भिजवलेला, मंद आचेवर दोन तास शिजवलेला, दाणा अख्खा आणि आत लोण्यासारखा. सोबत भाकरी, कच्चा कांदा, शेंगदाण्याची चटणी. मुनीर हात आखडता घेऊन बसला. एक भाकरी खाल्ली. मग दुसरी मागितली. तिसऱ्या भाकरीला काकूंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसती वाढली. "हे मटण नाहीये," तो उठताना म्हणाला. "नाहीच आहे," काकू म्हणाल्या. "मटण शेवटच्या रविवारी."

त्यानंतर त्यांनी झपाटल्यासारखं काम केलं. हुलग्याचं पिठलं, शेवग्याच्या शेंगांचा रस्सा, मोडाच्या मटकीची उसळ, डाळवांगं, शेंगदाण्याची आमटी. सरोजिनी नगरच्या जुन्या मल्याळी शेजारणीला फोन करून नारळाच्या दुधातल्या भाज्या विचारून घेतल्या. भात कमी करून बाजरी-ज्वारी वाढवली, प्रणिताचं भातशेतीबद्दलचं बोलणं त्या विसरल्या नव्हत्या. गेलेल्या सहांतले चार परत आले.

घरमालक राघवजी वरच्या मजल्यावर राहायचे. साठीचे, मऊ बोलणारे, पूर्ण शाकाहारी. रविवारच्या वासाबद्दल त्यांनी आठ वर्षांत एकदाही तक्रार केली नव्हती. त्या दिवशी ते खिडक्या लावून घ्यायचे, एवढंच. मटण कमी झाल्याचं त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते बर्फीचा डबा घेऊन खाली आले. मी तेव्हा तिथेच बसून मेथी निवडत होते.

ते मनापासून खूश होते. म्हणाले, बहनजी, आपने तो पुण्य का काम शुरू कर दिया. त्यांचा एक प्रस्ताव होता. शेजारचा हॉल रिकामा होता, तो ते मेसला द्यायला तयार होते. मुलं नीट बसतील. बाहेर एक छान पाटी लावू, शुद्ध शाकाहारी मराठी भोजनालय. मग ते थोडं घुटमळले. महिन्यातला तो एक रविवार आणि अंडीही बंद केली तर बरं. आणि मुलं घेताना जरा बघून घ्यावीत. तो एक मुलगा आहे ना, तुमचा सिलिंडर उचलतो तो. तो चांगलाच आहे, पण वर आमच्याकडे नातेवाईक येतात, विचारतात.

काकूंनी त्यांना पाणी दिलं. हात पुसले. त्यांची हिंदी सरोजिनी नगरात घडलेली, साधी आणि स्वच्छ.

"भाईसाब, मैंने पुण्य के लिए नहीं छोड़ा. मैंने अपनी थाली से कुछ कम किया है. किसी और की थाली को गंदा नहीं कहा. और वो लड़का मेरे यहाँ खाएगा."

राघवजी गडबडले. आपला तसा अर्थ नव्हता, म्हणाले. काकूंनी त्यांना बसवलं आणि म्हशींच्या वस्तीत काय पाहिलं ते सांगितलं, पेंढा भरलेल्या कातड्यासकट. आवाज जराही न चढवता. तुम्हाला वाटलं तर एक दिवस माझ्याबरोबर चला, म्हणाल्या. राघवजींनी डब्यावरचा हात काढून घेतला. थोडा वेळ बसले आणि वर गेले. बर्फी आमच्या टेबलावर राहिली.

त्या संध्याकाळी तात्यांनी समजूत घालून पाहिली. हॉल हातात येईपर्यंत एक-दोन महिने मटण थांबवलं तर काय बिघडतं, नाहीतरी तू खात नाहीसच. त्यांचं चूक नव्हतं. थंडीत पोरं अंगणात ताट घेऊन उभी राहायची, ते त्यांना बघवायचं नाही. काकू म्हणाल्या, "आत्ता थांबवलं तर ते माझं राहणार नाही. त्यांचं होईल."

त्या महिन्याचा शेवटचा रविवार चार दिवसांवर होता. काकू मुनीरला घेऊन खाटकाकडे गेल्या, नेहमीसारखं मांस निवडलं, घरी येऊन रस्सा केला. स्वतः त्यातलं काही खाल्लं नाही. चव बघायलाही मुनीरलाच बोलावलं, मीठ सांग म्हणून.  राघवजींचं बोलणं त्याला आम्ही सांगितलं नव्हतं, पण गल्लीत भिंती पातळ असतात. जेवण झाल्यावर तो सगळी पातेली घासून गेला.

दोन महिन्यांनी करार संपला आणि राघवजींनी तो वाढवला नाही. भांडण झालं नाही. घरात पुतण्याचं लग्न आहे, जागा लागेल, असं कारण सांगितलं. मे महिन्याच्या शेवटी, अंगाची लाही होत असताना, आम्ही वीस-पंचवीस जणांनी काकूंची मेस तीन गल्ल्या पलीकडे हलवली. ई-रिक्षांवर पातेली, डोक्यावर ताटं, परात, पाटा-वरवंटा. नवी जागा अंधारी होती, पण मालकीणबाईंनी एकच अट घातली, दर बुधवारी त्यांनाही डबा द्यायचा. निघताना राघवजी खाली आले. थंड पाण्याच्या बाटल्यांचा खोका आणला होता. सगळ्यांना त्यांनी हाताने पाणी दिलं, मुनीरलाही. काकूंना म्हणाले, त्या दिवशी सांगितलंत ते खरंच तसं आहे का? काकू म्हणाल्या, देख के आइए. ते गेले की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतरचं दीड वर्ष मेस जोरात चालली. मग हिवाळ्यात काकू चुका करायला लागल्या. आमटीत दोनदा मीठ. हातातून उलथनं पडायचं. पायांना मुंग्या येतात, म्हणायच्या, आणि थंडीवर ढकलायच्या. एक दिवस जिन्यात तोल गेला. प्रणिता, जी तेव्हा पुन्हा एकदा परीक्षेला बसली होती, त्यांना जवळजवळ ओढत हिंदूराव हॉस्पिटलला घेऊन गेली. मी सोबत होते. नाव तर आपल्याकडचं वाटतंय, असं काकू दवाखान्याच्या दारातच म्हणाल्या, आणि रांगेत सगळ्यांची चौकशी करत बसल्या.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये बी-ट्वेल्व्ह अगदी तळाला गेलं होतं. तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात मिळत नाही, ह्या वयात शरीर ते कमीही घेतं, म्हणून दूध-अंडी सुरू करा, नाहीतर इंजेक्शन आणि मग कायमच्या गोळ्या. प्रणिताचा चेहरा रडवेला झाला. माझ्यामुळे झालं हे, असं तिला वाटत होतं. काकूंनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, गोळी कशापासून करतात? जिवाणूंपासून, कारखान्यात. काकूंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, मग इंजेक्शन द्या.

बाहेर आल्यावर प्रणिताने माफी मागायला सुरुवात केली. काकूंनी तिला थांबवलं. "तू मला खरं तेच सांगितलंस. अर्धं राहिलं होतं, ते आज कळलं." त्या आठवड्यात त्यांनी मेसमध्ये पुन्हा सगळ्यांना थांबवलं आणि स्वतःचा रिपोर्ट दाखवला. त्यांचं बघून आमच्यातल्या सात-आठ जणांनी दूध सोडलं होतं. काकूंनी त्या प्रत्येकाला रक्त तपासून यायला लावलं, आणि रिपोर्ट पाहिल्याशिवाय दोन दिवस वाढलं नाही. तिघांचं कमी निघालं. स्वतःची चूक अशी उघड करून चाळीस पोरांपुढे ठेवणारी माणसं मी सरकारी नोकरीत आल्यापासून फार पाहिली नाहीत.

मी परीक्षा पास झाले नाही. आता एका मंत्रालयात अनुवादक आहे. प्रणिता राज्याच्या वनसेवेत गेली. मुनीर अजून दिल्लीत आहे, शेवटच्या प्रयत्नाची तयारी करतो आहे. तात्या दुधाचा चहा नाक्यावर पितात. काकूंना ते माहीत आहे आणि त्या काही बोलत नाहीत. शेवटच्या रविवारचं मटण अजून होतं. किती जण खातात, किती जण त्या दिवशीही मसूरच मागतात, हे मी एकदा विचारलं. काकू म्हणाल्या, मोजत नाही.

गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा मुनीरची अम्मी अंबाजोगाईहून आली होती. रेल्वेचा पहिलाच लांबचा प्रवास. तिने काकूंसाठी स्टीलच्या डब्यात घरचं तूप आणलं होतं, वर कापड बांधून. मुनीरला घाम फुटला. काकू दूध-तूप खात नाहीत हे त्याने आईला सांगितलंच नव्हतं. तो काही बोलणार इतक्यात काकूंनी अम्मीला शेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, घरी जनावरं किती?

एकच गाय, अम्मी म्हणाली. गेल्या पावसाळ्यात व्याली. गोऱ्हा झाला.

"तो आहे?"

"आहे की. जातो कुठं? दारातच उंडारतोय. दोन सड त्याचे, दोन आमचे. तो पिऊन उरेल तेच आम्ही काढतो, म्हणून तूप एवढंसंच झालं बघा. तीन महिने साठवलं."

काकूंनी डब्यावरचं कापड सोडलं. गरम भाताची एक लहानशी मूद ताटात काढली, त्यावर चमचाभर तूप घातलं, आणि अम्मीच्या समोर बसून शेवटच्या शितापर्यंत खाल्ली.  मग त्यांनी हात धुतला, उरलेला डबा तात्यांच्या फळीवर ठेवला आणि अम्मीला विचारलं की गोऱ्ह्याचं नाव काय ठेवलंय. अम्मी लाजत म्हणाली की नाव मुनीरच्या धाकट्या बहिणीने ठेवलंय, कलेक्टर.

दुपारभर त्या दोघी स्वयंपाकघरात होत्या. अम्मीला आख्खा मसूर शिकून घ्यायचा होता, कारण पोरगा फोनवर त्याचंच सांगत असतो. मसूर भिजायला वेळ लागतो, तो उद्या होईल, आज राहा, असं काकू तिला सांगत होत्या.